फुसका बार (पिस्तुलातील मिसफायर)

चाप ओढला, पिन काडतुसाच्या टोपीवर (बुडाशी बसवलेल्या, ठोक्याने पेटणाऱ्या मिश्रणाच्या छोट्या वाटीवर) आदळली आणि तरीही गोळी सुटली नाही, तर त्याला फुसका बार किंवा मिसफायर म्हणतात. वर्तमानपत्रांनी हा शब्द पुढाऱ्यांच्या घोषणांना बहाल केला असला, तरी मूळ शब्द बंदुकीचाच आहे. कारखान्यातल्या काडतुसांत असे क्वचित घडते. हाताने भरलेल्या काडतुसांत दोष बहुधा भरणाऱ्याच्या टेबलावर असतो, पण पहिला संशय पिस्तुलावर घेतला जातो.

इंदूरला दारूगोळ्याचे प्रताप नवे नाहीत. होळकरांच्या काळात तोडेदार (जळत्या वातीने पेटणाऱ्या) आणि चकमकीच्या बंदुका ठासून भराव्या लागत. बंदुकीच्या कानाशी, म्हणजे बाजूच्या भोकाशी, रंजक (पेटवणीची बारीक दारू) भकभकून जळे, आतली दारू मात्र पेटत नसे. उलटा प्रकारही होई: यशवंतराव होळकरांचा एक डोळा बंदूक फुटूनच गेला. १८०७ मध्ये अलेक्झांडर फोर्सिथ या स्कॉटिश पाद्र्याने आघाताने पेटणाऱ्या मिश्रणाचे पेटंट घेतले. त्यातूनच पुढे टोपी आली आणि रंजक गेली. आजच्या काडतुसात पुंगळी (धातूची नळकांडी), टोपी, दारू आणि गोळी असे चार भाग असतात. पुन्हा भरताना पहिल्या भागाखेरीज सगळे नवे घालतात. पॉइंट २२ च्या काडतुसाला वेगळी टोपी नसते, मिश्रण काठातच असते. म्हणून ते सहसा पुन्हा भरता येत नाही.

बार झाला नाही की नळी लक्ष्याकडेच रोखून किमान ३० सेकंद थांबावे. टोपी उशिरा पेटून गोळी सुटण्याचा संभव असतो. रिव्हॉल्व्हर असेल तर सिलिंडरही लगेच फिरवू नये. मग काडतूस काढून टोपीवरचा खळगा पाहावा. निदानाचा निम्मा भाग तिथेच उरकतो.

खळगा उथळ असेल आणि तेच काडतूस दुसऱ्या ठोक्याला उडत असेल, तर टोपी पुरती बसलेली नव्हती. पहिल्या ठोक्याचा जोर तिला आत ढकलण्यातच खर्ची पडला. टोपी पुंगळीच्या बुडापेक्षा किंचित आत असावी. बोट फिरवले की वर आलेली टोपी हाताला लागते. टोपी बसते त्या खाचेत जुनी काजळी राहिली असेल किंवा लष्करी पुंगळीची दाबलेली कडा काढली नसेल, तरी टोपी वरच राहते. ९ मिमी पुंगळी चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या, काडतूस बसते त्या भागात) तोंडाच्या कडेवर टेकते. तोंड जास्त आवळले गेले तर काडतूस खोल जाते आणि पिनचा ठोका हलका पडतो. यासाठी नळी काढून काडतूस तिच्यात टाकून पाहतात. ते सहज बसून सहज बाहेर आले पाहिजे. हे सगळे ठीक असेल तरच घोड्याची स्प्रिंग किंवा साचलेले वंगण तपासावे. हौशी माणूस नेमका उलट्या क्रमाने जातो आणि नवी स्प्रिंग विकत घेऊन बसतो. कारखान्याची दहा काडतुसे त्याच पिस्तुलातून विनाखोट उडाली, तर स्प्रिंगला दोष देण्यात अर्थ नाही.

खळगा खोल असून टोपी पेटलीच नसेल, तर ती मेलेली समजावी. बोटांचे तेल, पुंगळीला लावलेले वंगण, पावसाळी ओल ही तिची नेहमीची कारणे. माळव्यातला उन्हाळा कोरडा असतो. त्या भरवशावर उघडी ठेवलेली टोप्यांची डबी पावसाळ्यात दगा देते.

याहून घातक प्रकारात आवाज होतो, पण फुस्स. टोपी पेटलेली असते, पुंगळीत दारू पडलेलीच नसते, आणि टोपीच्या जोरावर निघालेली गोळी नळीत मध्येच अडकते. हाताला नेहमीचा झटका बसत नाही. घाईत दुसरी गोळी मागून गेली तर नळी फुगते किंवा फुटते. म्हणून आवाज हलका आला की लगेच थांबावे, पिस्तूल रिकामे करून नळीतून सळई घालून पाहावी. भरताना प्रत्येक पुंगळीत दिव्याखाली डोकावले, तर रिकामी आणि दोनदा भरलेली अशा दोन्ही पुंगळ्या सापडतात. दुसरी चूक रिकाम्या पुंगळीहून भयंकर.

भारतात परवान्याशिवाय दारूगोळा तयार करायला शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ ने बंदी आहे. त्यामुळे परवानाधारकांची मदार मुख्यतः खडकीसारख्या कारखान्यांच्या काडतुसांवर असते.

इंदूरजवळच्या महू येथे सैन्याचे आर्मी मार्क्समनशिप युनिट आहे. लंडन २०१२ मध्ये २५ मीटर रॅपिड फायर पिस्तूल प्रकारात रौप्यपदक मिळवणारे विजय कुमार इथेच घडले. स्पर्धेत काडतूस उडाले नाही, तर नेमबाज पिस्तूल लक्ष्याकडे रोखून मोकळा हात वर करतो. पंच येऊन काडतूस तपासतात आणि टोपीवर पिनचा खळगा आहे का, ते पाहतात.