बांधून झालेल्या रस्त्याचं पुढे काय होतं?

१९९४ साली जागतिक बँकेने आपला वार्षिक विकास अहवाल पायाभूत सुविधांना वाहिला. त्यात आफ्रिकेतल्या रस्त्यांचा एक हिशेब मांडला होता. आधीच्या दहा वर्षांत या रस्त्यांच्या देखभालीवर १२ अब्ज डॉलर वेळच्या वेळी खर्च झाले असते, तर ते पुन्हा बांधण्याचे ४५ अब्ज डॉलर वाचले असते. विकसनशील देशांत रस्ते, रेल्वे, वीज आणि पाणी या चार क्षेत्रांतल्या निव्वळ तांत्रिक अकार्यक्षमतेपायी दरवर्षी सुमारे ५५ अब्ज डॉलर वाया जातात, असाही त्याच अहवालाचा अंदाज होता. पायाभूत सुविधांवर हे देश वर्षाला जेवढं गुंतवत होते, त्याचा हा जवळजवळ चौथा हिस्सा.

ज्यांच्याकडे पैसा कमी, त्यांचाच एवढा पैसा मातीत का जावा? भ्रष्टाचार हे उत्तर चटकन तोंडावर येतं, आणि ते खोटंही नाही. पण या नुकसानीची मुळं त्याहून खोल आहेत. कर्ज कशासाठी मिळायचं, अंदाजपत्रक कसं मांडलं जायचं आणि श्रेय कशाला मिळायचं, या तीन गोष्टींत ती सापडतात.

दुसरं महायुद्ध चालू असतानाच, १९४३ मध्ये, पॉल रोझेनस्टाइन-रोडान या अर्थतज्ज्ञाने मागास भागांच्या विकासाविषयी एक विचार मांडला: एकेक कारखाना सुटा उभा करून भागत नाही, सगळीकडून एकदम मोठा रेटा द्यावा लागतो. या रेट्यात वीज, रस्ते, बंदरं यांना पुढे मानाचं स्थान मिळालं. १९४४ च्या ब्रेटन वुड्स परिषदेतून जागतिक बँक जन्मली. तिची पहिली कर्जं युरोपच्या पुनर्बांधणीसाठी गेली. १९४८ मध्ये चिलीला कर्ज मिळालं, तेव्हा त्यातला मोठा भाग जलविद्युतेसाठी होता. पुढची दोन दशकं बँकेच्या कर्जांत वीज आणि वाहतूक यांचाच वरचष्मा राहिला.

या कर्जांची एक अट वरवर साधी वाटते. कर्ज ठरावीक प्रकल्पासाठी, आणि तेही मुख्यतः परदेशी चलनातल्या खर्चासाठी मिळे. टर्बाइन, रूळ, यंत्रसामग्री बाहेरून येई, त्याला डॉलर मिळत. पण गटारं उपसणारे मजूर, खड्डे बुजवणारी गँग, पंपाची देखभाल करणारा फिटर यांचा पगार सरकारने आपल्या चालू खर्चातून द्यायचा असे. म्हणजे नवं बांधायला बाहेरचा पैसा आणि ते टिकवायला घरचा. तंगी आली की हात कशावरून आखडला जाणार, हे इथेच ठरून गेलं. नव्या पुलाची कोनशिला बसते, वर्तमानपत्रात फोटो येतो. पावसाळ्याआधी साफ केलेल्या मोरीचं उद्घाटन कोणी करत नाही.

अल्बर्ट हिर्शमन या अर्थतज्ज्ञाने १९५८ मध्येच या दुखण्यावर बोट ठेवलं होतं. त्यांचं निरीक्षण असं की, गरीब देशांतही विमानसेवा बऱ्यापैकी नीट चालते, रस्ते मात्र चालत नाहीत. विमानाच्या देखभालीत कसूर झाली तर ते पडतं, आणि ते सगळ्यांना दिसतं. रस्ता हळूहळू खराब होतो, त्यामुळे हेळसांड करणाऱ्याला बराच काळ कोणी जाब विचारत नाही. मला वाटतं, या विषयावर नंतर लिहिल्या गेलेल्या शेकडो अहवालांचा गाभा या एका निरीक्षणात आहे.

रस्ता हळूहळू खराब होतो म्हणजे नेमकं काय होतं, हे जवळून पाहण्यासारखं आहे. नवा डांबरी रस्ता पहिली काही वर्षं जवळजवळ जसाच्या तसा दिसतो. मग ऊन, पाऊस आणि वाहतुकीने वरच्या थरावर बारीक भेगा पडतात. या टप्प्यावर भेगा भरल्या, वर पातळ थर दिला आणि बाजूची गटारं मोकळी ठेवली, की रस्त्याचं आयुष्य वाढतं. हे केलं नाही तर पाणी खाली मुरतं. खालचा खडी-मुरुमाचा थर भिजून मऊ पडतो, चाकाखाली दबतो, आणि वरच्या डांबराचा आधार जातो. मग भेगांची जाळी होते, जाळीचे तुकडे निघतात, खड्डे पडतात. इथपर्यंत आलेल्या रस्त्यावर नुसतं डांबर ओतून उपयोग नसतो, पायापासून खोदून काढावं लागतं. स्वस्तात काम होण्याची वेळ नेमकी तेव्हा असते, जेव्हा रस्ता बघणाऱ्याला चांगलाच दिसत असतो.

दुसरा धडा अमेरिकेतून आला. इलिनॉय राज्यातल्या ओटावा गावाजवळ १९५८ ते १९६० या काळात मुद्दाम चाचणीचे रस्ते बांधून त्यांवर ट्रक अहोरात्र फिरवले गेले. त्यातून निघालेला नियम जगभरच्या अभियंत्यांच्या तोंडी आहे: आसावरचा भार वाढला की रस्त्याची हानी साधारणपणे त्या भाराच्या चौथ्या घाताने वाढते. भार १० टक्क्यांनी जास्त झाला तर हानी सुमारे ४६ टक्क्यांनी वाढते, २० टक्क्यांनी झाला तर दुपटीहून जास्त. जिथे वजनकाटा बंद असतो किंवा पैसे घेऊन गाडी सोडली जाते, तिथे वीस वर्षांसाठी बांधलेला रस्ता निम्म्या काळातही संपू शकतो. म्हणून वजनकाट्यावर बसलेल्या कारकुनाचं काम रस्ता आखणाऱ्या अभियंत्याइतकंच मोलाचं आहे.

१९७० च्या दशकात केनिया, ब्राझील आणि भारत इथे प्रत्यक्ष रस्त्यांवर वर्षानुवर्षं मोजमापं झाली. रस्ता किती खडबडीत, इंधन किती, टायर किती झिजले, सुटे भाग किती बदलले. या आकडेवारीवर उभं राहिलेलं महामार्गांचं गणिती प्रारूप १९८७ मध्ये पूर्ण रूपात प्रसिद्ध झालं. त्यातून एक गोष्ट पक्की झाली. सरकारने देखभालीत एक डॉलर वाचवला की वाहनधारकांचा खर्च दोन ते तीन डॉलरने वाढतो. सरकारी वहीत बचत दिसते, पण तो बोजा ट्रकवाला, बसचा प्रवासी आणि माल बाजारात नेणारा शेतकरी यांच्या डोक्यावर जातो.

दरम्यान १९८२ मध्ये मेक्सिकोने कर्जाचे हप्ते फेडता येत नसल्याचं जाहीर केलं आणि कर्जसंकट देशोदेशी पसरलं. खर्चकपात आली. पगार कापणं राजकीयदृष्ट्या अवघड, व्याज टाळणं अशक्य, मग कात्री देखभालीवर चालली. त्याचे परिणाम वीजनिर्मितीतही दिसले: १९९४ च्या अहवालानुसार विकसनशील देशांतली सरासरी ४० टक्के वीजनिर्मिती क्षमता वापरायला उपलब्धच नसे. नवं वीजकेंद्र मागणाऱ्या देशात जुन्याची अशी अवस्था होती.

यानंतर उपाय शोधणं सुरू झालं. आफ्रिकेत रस्ते निधी आले. इंधनावरचा अधिभार वेगळा काढायचा आणि तो फक्त देखभालीवर खर्च करायचा, ही कल्पना. सुरुवातीचे निधी अर्थखात्यात विरघळून गेले. १९९० च्या दशकात झांबिया, घाना आदी देशांत निधी चालवणाऱ्या मंडळावर वाहतूकदार आणि इतर रस्ता वापरणारे बसवले गेले, म्हणजे ज्याचं नुकसान होतं त्याला निदान विचारायची जागा मिळाली. सगळीकडे हे टिकलं असं नाही, तंगीच्या वर्षी निधी वळवण्याचा मोह होतोच.

कंत्राटाची रीतही बदलली, आणि हा बदल मला जास्त महत्त्वाचा वाटतो. जुन्या पद्धतीत कंत्राटदाराला किती घनमीटर खडी टाकली, किती टन डांबर वापरलं यावर बिल मिळे. रस्ता लवकर खराब झाला तर त्याला पुन्हा काम! अर्जेंटिनाने १९९० च्या दशकात दुरुस्ती आणि पुढची पाच वर्षं देखभाल असं एकत्र कंत्राट द्यायला सुरुवात केली. पैसे रस्त्याच्या स्थितीवर: खड्डा ठरलेल्या मुदतीत बुजला पाहिजे, खडबडीतपणा मर्यादेत राहिला पाहिजे, नाहीतर दंड. चांगलं काम करणं आता कंत्राटदाराच्याच फायद्याचं ठरलं. कोलंबियात त्याआधीच, १९८४ पासून, रस्त्याकाठच्या गावकऱ्यांच्या छोट्या संस्थांना गवत काढणं, गटारं साफ करणं अशी कामं दिली जात होती. त्यातून रोजगारही मिळाला.

खासगीकरणाची लाट याच काळात आली. तिच्याबद्दल दोन्ही बाजूंनी इतकं बोललं गेलं आहे की इथे थोडक्यात आवरतो. ब्युनोस आयर्सचा पाणीपुरवठा १९९३ मध्ये खासगी कंपनीकडे गेला आणि २००६ मध्ये सरकारने परत घेतला. बोलिव्हियातल्या कोचाबांबा शहरात दरवाढीवरून लोक रस्त्यावर उतरले आणि २००० मध्ये करार रद्द झाला. मालक बदलल्याने गळती आपोआप थांबत नाही, आणि मालक न बदलताही ती थांबवता येते.

त्याचा सर्वांत ठोस पुरावा कंबोडियाच्या नॉम पेन्हमध्ये मिळाला, आणि तिथली संस्था सरकारीच होती. १९९३ मध्ये एक सोन चान (‘एक’ हा त्यांच्या नावाचाच भाग) यांनी तिथल्या पाणीपुरवठा प्राधिकरणाची सूत्रं घेतली, तेव्हा युद्ध आणि यादवीने शहर पोखरलेलं होतं. शहरातल्या साधारण चौथ्या हिश्शालाच नळाचं पाणी मिळे, तेही दिवसातून दहाएक तास. सोडलेल्या पाण्यातलं ७२ टक्के पाणी गळती, चोरी आणि बेकायदा जोडण्यांत जाऊन त्याचा एक पैसाही येत नव्हता. कर्मचारीच जोडण्या विकत. बडे अधिकारी आणि लष्करवाले बिल भरत नसत.

चान यांनी आधी ग्राहकांची यादी घरोघर फिरून नव्याने केली. प्रत्येक जोडणीवर मीटर बसवला. जाळ्याचे विभाग पाडून दाब मोजायची सोय केली, त्यामुळे कुठे फुटलंय ते कळू लागलं, आणि गळती शोधणारी पथकं रात्रंदिवस कामाला लागली. चांगल्या कामाला बक्षीस, हात ओले करणाऱ्याला घरचा रस्ता. एका लष्करी अधिकाऱ्याच्या घरी मीटर बसवायला ते स्वतः गेले तेव्हा त्याने त्यांच्या डोक्याला पिस्तूल लावलं. ते सशस्त्र पोलिसांना घेऊन परत गेले आणि जोडणी तोडली. सरकारी कार्यालयांनाही बिल भरावं लागलं. दरवाढ तीन टप्प्यांत ठरली होती, पण वसुली एवढी सुधारली की तिसऱ्या टप्प्याची गरजच पडली नाही. २०१० च्या सुमारास वाया जाणारं पाणी ६ टक्क्यांच्या आसपास आलं आणि जवळजवळ सगळ्या शहराला चोवीस तास पाणी मिळू लागलं. २००६ मध्ये चान यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

परदेशी मदत त्यांनाही मिळाली होती, हे विसरता कामा नये. फरक असा की १९९६ मध्ये प्राधिकरणाला आर्थिक स्वायत्तता मिळाली. पाण्यातून आलेला पैसा सरकारी तिजोरीत न जाता पाण्यावरच लागू लागला.

अलीकडच्या काळात हा विचार मुख्य प्रवाहात आला. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने २०१५ मध्ये अंदाज केला, की सार्वजनिक गुंतवणुकीतून जो लाभ मिळू शकला असता त्यातला सरासरी ३० टक्के लाभ ढिसाळ प्रक्रियेत हरवतो. जागतिक बँकेच्या २०१९ च्या अभ्यासात तर नव्या पायाभूत सुविधांचा खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या २ ते ८ टक्के अशा रुंद पट्ट्यात दाखवला आहे. एवढं अंतर पडतं ते कोणता देश काय निवडतो आणि किती काटेकोरपणे खर्च करतो यामुळे.

एक अडचण मात्र अजून जुनीच आहे. बहुतेक विकसनशील देशांचे सरकारी हिशेब रोखीच्या पद्धतीचे असतात. रस्ता बांधला त्या वर्षी खर्च दिसतो, मग तो हिशेबातून नाहीसा होतो. तो दरवर्षी किती झिजला याची नोंद कुठेच नसते, त्यामुळे दुर्लक्षाची किंमत अंदाजपत्रक मंजूर करणाऱ्यांसमोर येत नाही. झीज दाखवणारी पद्धत काही देश आता स्वीकारत आहेत. पण तिची सुरुवात आपल्याकडे काय काय आहे ते मोजण्यापासून होते: किती किलोमीटर रस्ते, किती पूल, कोणत्या जलवाहिन्या जमिनीखाली कुठून गेल्या आहेत, शेवटचा थर कोणत्या साली पडला. अनेक खात्यांमध्ये ही मोजणी आत्ता कुठे सुरू झाली आहे.