नाव तेच, तरी सर्व्हरला सापडत का नाही?

डिसेंबर २०२१ मध्ये ‘लॉगफोरशेल’ ही त्रुटी उघड झाली. तिला तीव्रतेचे १० पैकी १० गुण मिळाले. लॉगफोरजे ही जावा प्रोग्रॅमच्या नोंदी लिहिणारी लायब्ररी. नोंदीत ठरावीक साच्याचा मजकूर आला की ती थेट जेएनडीआयमार्फत (नावावरून वस्तू मिळवून देणाऱ्या जावामधल्या व्यवस्थेमार्फत) हल्लेखोराच्या सर्व्हरवर शोधायला जाई. २.१६.० या आवृत्तीत ही सोय मुळातच बंद करून ठेवली गेली. पण तेव्हापासून ‘जेएनडीआय म्हणजेच धोका’ हा समज जो पसरला, तो अजून गेलेला नाही. दोष परक्याने पुरवलेलं नाव शोधण्यात होता. आपणच लिहून ठेवलेलं नाव शोधण्यात काही गैर नाही.

जेएनडीआयचं काम असं चालतं. प्रोग्रॅम फक्त ‘जेडीबीसी/पगार’ एवढंच नाव घेतो. त्यामागे डेटाबेसचा पत्ता कोणता आणि पासवर्ड काय, हे सर्व्हरच्या सेटिंगमध्ये असतं. म्हणून चाचणीच्या सर्व्हरवर चाललेली फाइल न बदलता खऱ्या सर्व्हरवर चढवता येते.

खरी गंमत ‘जावा:कॉम्प/एन्व्ह’ या उपसर्गात आहे. एकाच टॉमकॅटवर, म्हणजे जावाची वेब अॅप चालवणाऱ्या सर्व्हरवर, दोन अॅप चालतात, दोन्ही ‘जावा:कॉम्प/एन्व्ह/जेडीबीसी/पगार’ मागतात आणि दोघांना वेगवेगळे डेटाबेस मिळतात. घराघरात मुलं ‘आई’ अशीच हाक मारतात, पण ओ देते ती ज्याची त्याची आई, तसंच हे. मग हाक कुठल्या घरातून आली हे टॉमकॅटला कसं कळतं? प्रत्येक विनंतीचं काम एक थ्रेड, म्हणजे प्रोग्रॅममधला कामाचा स्वतंत्र धागा, करतो. त्या थ्रेडला ज्या अॅपचा क्लासलोडर, म्हणजे कोड मेमरीत आणणारा भाग, जोडलेला असतो त्याच अॅपची नावांची यादी उघडली जाते. म्हणजे उत्तर एकट्या नावावर ठरत नाही, हाक मारणाऱ्या थ्रेडवरही ठरतं.

इथेच अनेकांची फसगत होते. काम लवकर व्हावं म्हणून कोड ‘पॅरलल स्ट्रीम’मध्ये, म्हणजे काम अनेक थ्रेडवर वाटणाऱ्या सोयीत, टाकला की तो जावाच्या सामाईक थ्रेडवरही चालतो, आणि जावा ९ पासून त्या थ्रेडला अॅपचा नव्हे, सिस्टिमचा क्लासलोडर जोडलेला असतो. आता हाक रस्त्यावरून आली. नाव बरोबर, सेटिंग बरोबर, तरीही शोध फसतो. उपाय सोपा आहे: विनंतीच्या मूळ थ्रेडवरच डेटासोर्स (डेटाबेसची कनेक्शन देणारी वस्तू) शोधून घ्यायचा आणि ती वस्तू पुढच्या थ्रेडला द्यायची. पूर्ण जावा ईई (मोठ्या व्यावसायिक अॅपसाठीची जावा) सर्व्हर असेल तर आवृत्ती ७ पासून सर्व्हरचेच थ्रेड वापरून काम करणारा ‘मॅनेज्ड एक्झिक्युटर’ मिळतो. तो घराचा पत्ता सोबत नेतो.

दुसरी नेहमीची चूक ‘सर्व्हर डॉट एक्सएमएल’ या टॉमकॅटच्या सेटिंग फाइलमधली. तिथल्या सामाईक यादीत लिहिलेला रिसोर्स (उदाहरणार्थ डेटासोर्स) अॅपला आपोआप दिसत नाही. अॅपच्या कॉन्टेक्स्ट फाइलमध्ये (त्या अॅपच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये) त्याच्याकडे बोट दाखवणारी ‘रिसोर्सलिंक’ द्यावीच लागते.

नाव सापडलं तरी पुढे ‘पूल’ आहे, म्हणजे डेटाबेसच्या कनेक्शनचा सामाईक साठा. टॉमकॅटच्या नेहमीच्या पूलमध्ये काहीच न सांगितल्यास एका वेळी जास्तीत जास्त ८ कनेक्शन मिळतात, आणि नववा मागणारा अमर्याद थांबतो. जुन्या सेटिंगमधून उचललेलं ‘मॅक्सअॅक्टिव्ह’ (कनेक्शनची कमाल मर्यादा) टॉमकॅट ८ पासून या पूलमध्ये चालत नाही. लॉगमध्ये एक इशारा पडतो, तो कुणी वाचत नाही आणि मर्यादा ८च राहते. आता तिथे ‘मॅक्सटोटल’ लिहायचं.

कनेक्शन घेऊन बंद न करणारा कोड हा पूल हळूहळू रिकामा करतो. मग ‘रीस्टार्ट करा, बरं होतं’ हा मंत्र सुरू होतो. खंडेनवमीला सर्व्हरला हळदकुंकू लावायला हरकत नाही, पण रीस्टार्ट हा तोडगा नव्हे. त्याने पूल फक्त नव्याने भरतो आणि गळती चालूच राहते. ‘रिमूव्हअबँडन्डऑनबॉरो’ आणि ‘लॉगअबँडन्ड’ ही दोन्ही सेटिंग चालू करा. पूल संपत आला की, ३०० सेकंद वापराविना अडकून पडलेलं कनेक्शन परत घेतलं जातं आणि ते कोडच्या कुठल्या ओळीने उघडलं होतं, ते लॉगमध्ये छापून येतं.