रिमोटवरचा रोबो थांबत थांबत का येतो

नवी मुंबईत हॉरर गेम बनवायला बसणाऱ्यांना जागेची ददात नाही. तुर्भे, महापे, रबाळे, कुठलाही जुना गाळा घ्या: पत्र्याचं छप्पर, अर्धं उघडं शटर, लोखंडी रॅकच्या रांगा, वर पोटमाळा. अडतं ते शत्रूपाशी. रिमोटवर चालणारा रोबो म्हणून जो उभा केला जातो, तो बहुतेक वेळा पत्रा चढवलेला झॉम्बीच असतो. दिसला की सरळ अंगावर धावतो. त्याला दुसरीकडून कोणीतरी चालवतंय, हे चालीत कुठेच दिसत नाही. खऱ्या दूरनियंत्रित यंत्रांत मात्र ते लपत नाही.

सुरुवात जुनी आहे. निकोला टेस्लाने १८९८ साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये रेडिओलहरींवर चालणारी छोटी होडी दाखवली. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ पासून, जर्मनांनी गोलायथ वापरली: पट्ट्यांवर चालणारी बुटकी गाडी, पोटात ६० किलो किंवा त्याहून जास्त स्फोटकं आणि मागे लांबलचक वायर. वायर तोडली की गाडी जागच्या जागी निकामी.

पण चालीचं मर्म कळतं ते चंद्रावरून. सोव्हिएत ल्युनोखोद-१ ही गाडी १७ नोव्हेंबर १९७० रोजी तिथे उतरली आणि पृथ्वीवर बसलेल्या पाच जणांच्या चमूने ती चालवली. सिग्नलला जाऊन यायलाच अडीच सेकंद लागत आणि चित्रही सलग नसे, काही सेकंदांनी एक येई. त्याआधी, १९६०च्या दशकात, अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रविद्यापीठात विल्यम फेरेल यांनी प्रतिसाद उशिरा पोचेल अशी व्यवस्था करून यांत्रिक हात लोकांना चालवायला दिला होता. लोक आपसूकच थोडं हलवायचे, थांबायचे, काय झालं ते बघायचे आणि मग पुन्हा हलवायचे. तो थांबाच हॉररच्या कामाचा आहे, कारण त्या वेळात पलीकडचा माणूस तुमच्याकडे बघत असतो.

गेमवाल्यांनी यातला ‘दूर बसलेला मेंदू’ लवकर उचलला. ‘सिस्टम शॉक’मध्ये (१९९४) शोडान ही संगणकी बुद्धी अख्खं अंतराळस्थानक ताब्यात घेते, तिचे कॅमेरे फोडत गेलं की त्या मजल्यावरची सुरक्षा पातळी खाली येते. ‘एलियन: आयसोलेशन’मधले (२०१४) वर्किंग जो हे मानवाकृती रोबो अपोलो या मध्यवर्ती यंत्रणेच्या हुकमावर चालतात. संथ पावलं, सपाट आवाज, घाई नाही. हुकूम देणारा मात्र दोन्हीकडे संगणक आहे. माणूस चालवत असेल तर उशीर दाखवावाच लागतो.

तो बनवणं अवघड नाही. खेळाडूची जागा वेळेसकट एका यादीत टाकत जा आणि रोबोला ०.८ सेकंद जुनी जागा द्या. खेळाडू सेकंदाला ४ मीटर पळत असेल, तर रोबो ३.२ मीटर मागच्या जागेवर झेपावेल. दोन सेकंद चाल, एक सेकंद थांबा. थांब्यात फक्त कॅमेऱ्याची मान वळू द्या. नोंदी फ्रेमवर मोजल्या तर घोटाळा होतो: सेकंदाला ६० फ्रेम दाखवणाऱ्या मशीनवर ४८ नोंदी म्हणजे ०.८ सेकंद, पण ३० फ्रेमच्या लॅपटॉपवर त्याच ४८ नोंदी १.६ सेकंदांच्या होतात आणि रोबो भलत्याच ठिकाणी हात मारत बसतो. शिवाय उशीर फक्त पाठलागाला लावा. मार बसला की नाही हे आत्ताच्या जागेवरूनच ठरवा, नाहीतर कोपरा ओलांडूनही खेळाडू मरतो आणि गेमला शिव्या घालतो, आणि त्यात त्याची चूक नाही.

दाराचं दुखणं वेगळं. युनिटी या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये नॅव्हमेशवर, म्हणजे चालता येईल अशा जागेच्या नकाशावर, फिरणाऱ्या एजंटची त्रिज्या मुळात ०.५ मीटर असते. ९० सेंटिमीटरच्या दारात दोन्हीकडून अर्धा मीटर वजा केला की वाटच उरत नाही आणि रोबो बाहेर घुटमळतो. त्रिज्या ०.३ केली तर वाट मिळते, पण रोबो रुंद असेल तर खांदे चौकटीत घुसतात. त्यापेक्षा त्रिज्या ०.४ आणि दार १.२ मीटरचं ठेवा. गाळ्यात हातगाडी जाण्याएवढं दार शोभतंही.

लपायच्या जागा सिग्नलच देतो. पत्रा आणि लोखंडी रॅक २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी अडवतात, परतवतात. छंदाच्या रिमोट गाड्यांच्या रिसीव्हरमध्येही सिग्नल तुटला की मोटर बंद करण्याची सोय असते. पोटमाळ्यावर अँटेना ठेवा आणि तिथून रोबोपर्यंत दर ०.२ सेकंदाला एक काल्पनिक सरळ रेषा (किरण) टाकून बघा. मध्ये लोखंड आलं की सिग्नल गेला. रॅकच्या कडेला हे सारखं चालू-बंद होऊन रोबो थरथरतो, म्हणून सिग्नल सलग अर्धा सेकंद गेला तरच त्याला थांबवा आणि परत आल्यावर पूर्ण एक सेकंद जाऊ देऊन मगच हलवा.