रिपोर्टमधली ‘गुणसूत्राबाहेरची वर्तुळं’ म्हणजे काय?

गाठीच्या जनुकीय तपासणीचा रिपोर्ट हातात आला की त्यात एखाद्या जनुकापुढे ‘प्रती वाढलेल्या’ असा शेरा दिसतो. काही रिपोर्टांत त्याखाली आणखी एक ओळ असते : ‘या प्रती गुणसूत्राबाहेरच्या वर्तुळाकार डीएनएवर, म्हणजे ईसी-डीएनएवर, असण्याची शक्यता.’ आमच्याकडे येणारे बरेचसे फोन या दुसऱ्या ओळीवरून असतात. हे पत्रक त्या ओळीपुरतंच आहे.

माणसाच्या पेशीतला डीएनए 46 गुणसूत्रांत बांधलेला असतो. प्रत्येक गुणसूत्रावर एक आवळलेली जागा असते, तिला सेंट्रोमिअर म्हणतात. पेशी दुभंगताना ओढणारे धागे तिथेच अडकतात, म्हणून दोन्ही नव्या पेशींना सारखा वाटा मिळतो. कॅन्सरच्या पेशीत कधी गुणसूत्र तुटतं, मधला तुकडा सुटा होतो आणि त्याची दोन टोकं एकमेकांना जोडली जाऊन कडं तयार होतं. हे कडं बऱ्याचदा दहा लाख अक्षरांहूनही मोठं असतं. त्यावर ईजीएफआर, एमवायसी किंवा एचईआर2 यांसारखं पेशीला ‘वाढ, वाढ’ सांगणारं जनुक बसलेलं असलं की पेशीचं फावतं.

खरी गोम पुढे आहे. या कड्याला सेंट्रोमिअर नसतं. ते दुभंगणाऱ्या पेशीच्या गुणसूत्रांना चिकटून फुकटचा प्रवास करतं आणि ज्या बाजूला जाईल तिथलं होतं. समजा पेशीत 20 कडी आहेत. दुभंगण्याआधी त्यांची 40 झाली, तर वाटणी 20-20 होईलच असं नाही. 25-15 सुद्धा होते. पुढच्या वेळी 25 वाल्या पेशीची आणखी वेगळी वाटणी. असं होत होत एकाच गाठीत शेजारीशेजारी एका पेशीत शंभरावर कडी आणि दुसरीत जेमतेम चार, अशी स्थिती येते. औषध सुरू झालं की या सरमिसळीतून ज्या पेशींचा हिशेब जुळतो त्या तगतात.

2014 साली ग्लिओब्लास्टोमा या मेंदूच्या कॅन्सरवर प्रसिद्ध झालेल्या संशोधनात हे नेमकं दिसलं. ईजीएफआरला अडवणारं एर्लोटिनिब दिल्यावर पेशींतली त्या बिघडलेल्या जनुकाची कडी जवळपास नाहीशी झाली आणि औषध निष्प्रभ ठरू लागलं. औषध थांबवल्यावर कडी परत आली. गुणसूत्रात पक्कं बसलेलं जनुक इतक्या चटकन मागेपुढे होऊ शकत नाही. आमच्या मते ईसी-डीएनएबद्दल लक्षात ठेवण्यासारखी एकच गोष्ट निवडायची, तर ती हीच.

स्लाइडवर काय दिसतं?

जिवंत पेशी मिळाल्या तर त्या दुभंगण्याच्या मधोमध रोखल्या जातात, मिठासारख्या क्षाराच्या पातळ द्रावात फुगवल्या जातात आणि त्यांचा थेंब काचेवर टाकला जातो. मग गुणसूत्रं इंग्रजी ‘एक्स’च्या आकारात पसरलेली दिसतात आणि त्यांच्या अवतीभवती बारीक ठिपक्यांच्या जोड्या. जनुकाला लाल चमकणारा रंग लावला की गुणसूत्रं बहुतेक काळीच राहतात आणि हे ठिपके पेटतात. 1965 साली लहान मुलांच्या गाठींत असेच जोड-ठिपके नोंदवले गेले आणि त्यांना ‘डबल मिनिट’ नाव पडलं. (इथे घड्याळाच्या मिनिटाचा संबंध नाही; शब्दाचा अर्थ ‘अगदी बारीक’.)

तुमचा नमुना मात्र बहुधा मेणाच्या, म्हणजे पॅराफिनच्या ब्लॉकमध्ये येतो. त्यातल्या पेशी मृत असतात, त्यांना दुभंगताना पकडता येत नाही. म्हणून आम्ही डीएनएचा क्रम वाचतो आणि वाढलेल्या तुकड्याची टोकं एकमेकांना जुळून वर्तुळ पुरं होतं का, हे संगणकावर तपासतो. हा अंदाज आहे, चांगला अंदाज आहे, पण डोळ्यांनी पाहिलेलं कडं नव्हे. रिपोर्टात ‘शक्यता’ हा शब्द आम्ही याच कारणाने ठेवतो. तो काढून द्या, अशी विनंती कृपया करू नका.

किती जणांत आढळतं?

शोधायला गेलात तर दोन वेगळे आकडे सापडतील. 2017 च्या संशोधनात जवळपास निम्म्या कॅन्सरांत ईसी-डीएनए आढळल्याचं म्हटलं होतं. त्यात प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींचा भरणा मोठा होता. 2024 साली ब्रिटनमधल्या 14,778 रुग्णांचे नमुने पाहिले, तेव्हा प्रमाण 17.1 टक्के निघालं. रुग्णाच्या दृष्टीने दुसरा आकडा जवळचा. तोही सरासरीचा आहे : ग्लिओब्लास्टोमात आणि एचईआर2 वाढलेल्या स्तनाच्या कॅन्सरात प्रमाण निम्म्याच्या आसपास जातं. एकंदरीत ज्यांच्या गाठीत ही कडी असतात त्यांचा आजार जास्त आक्रमक असण्याकडे कल दिसतो. पण एका माणसाचं पुढे काय होणार, हे या ओळीवरून सांगता येत नाही.

घरच्यांनी तपासून घ्यावं का?

नको. ही कडी आईवडिलांकडून येत नाहीत, मुलांकडे जात नाहीत. ती गाठीतच तयार होतात. निरोगी पेशींतही काहीशे अक्षरांची बारकी वर्तुळं असतात, ती वेगळी. त्यांच्या नावाने कुणी रक्ततपासणी सुचवली तर आधी तुमच्या डॉक्टरांना विचारा.

यावर औषध आहे का?

फक्त ईसी-डीएनए पाहून द्यायचं मान्यताप्राप्त औषध आज नाही. कड्यांवरची जनुकं अतोनात वाचली जात असल्याने या पेशींना डीएनएची नक्कल करताना ताण येतो आणि तो निभावायला त्या सीएचके1 या प्रथिनावर टेकलेल्या असतात. तेच रोखणाऱ्या औषधाच्या माणसांवरच्या चाचण्या सुरू झाल्या आहेत. तुमचे उपचार सध्या ठरतात ते कोणतं जनुक वाढलं आहे यावर, म्हणजे रिपोर्टच्या पहिल्या ओळीवर. दुसरी ओळ डॉक्टरांना जरूर दाखवा, पण तिच्यासाठी चालू औषध स्वतःहून थांबवू नका.

आजार उलटल्यावर नवी बायोप्सी झाली असेल तर जुन्याऐवजी नवा ब्लॉक पाठवा. मधल्या काळात कड्यांची संख्या बदललेली असू शकते. फोन करताना पहिल्या पानावरचा नमुना क्रमांक हाताशी असू द्या.