१९४० चा रुपया: साल बदललं आणि चांदी निम्मी झाली

घरातला जुना रुपया सराफाकडे नेला तर तो आधी वजन करतो. संग्राहक आधी साल बघतो. त्यांच्या भावात इतका फरक पडतो, त्यामागे बऱ्याच अंशी १९४० सालचा एक सरकारी निर्णय आहे.

१८३५ पासून कलदार, म्हणजे यंत्रावर पाडलेला रुपया एक तोळ्याचा, म्हणजे ११.६६ ग्रॅमचा. त्यात बारापैकी अकरा भाग शुद्ध चांदी. शंभर वर्षं हे प्रमाण टिकलं. सालाच्या बाबतीत मात्र टांकसाळी तितक्या काटेकोर नव्हत्या. १८६२ चं साल घातलेले राणीछाप (व्हिक्टोरिया राणीचे) रुपये १८७४ पर्यंत पडत राहिले, म्हणून ते रुपये ओळखताना जाणकार सालाऐवजी नाण्यावरचे ठिपके मोजतात.

महायुद्ध सुरू झालं आणि १९४० मध्ये फ्रान्स पडल्यावर लोकांचा नोटांवरचा भरवसा उडाला. जो तो नोट देऊन रुपया घेऊ लागला, आणि घेतलेला रुपया बाजारात परत येईना. सरकारने एक रुपयाची नोट आणली आणि रुपयातली चांदी निम्म्यावर नेली. नवा मिश्रधातू असा: चांदी ५० टक्के, तांबं ४०, निकेल ५, जस्त ५. वजन तेच, राजाही तोच, सहावा जॉर्ज. फक्त कडेच्या रेषांमध्ये बनावट ओळखण्यासाठी खाचेची नक्षी आली. आधीच्या रुपयात साधारण १०.६९ ग्रॅम चांदी होती, नव्यात ५.८३.

चांदीचा तुटवडा खराच होता. पण दर्शनी किंमत तीच ठेवून पुढे जुने रुपये चलनातून बाद केले गेले: १९४१ मध्ये राणीछाप, १९४२ मध्ये सातव्या एडवर्डचे, १९४३ मध्ये पाचव्या आणि सहाव्या अशा दोन्ही जॉर्जांचे. मुदतीत रुपये जमा करणाऱ्याला मोबदला मिळाला तो नोटेत किंवा निम्म्या चांदीत. नियम पाळणाराच त्यात नागवला गेला, असं माझं स्पष्ट मत आहे. ज्यांनी ते लक्ष्मीपूजनाच्या डबीत राहू दिले, त्यांची चांदी शाबूत राहिली.

१९३९ चा रुपया दुर्मीळ झाला तो याच उलथापालथीत. तो जुन्या प्रमाणाचा. मुंबईत पडला आणि बहुतेक वितळवला गेला. त्यामुळे बनावट १९३९ भरपूर फिरतात. वजन कमी भरलं किंवा कडेला ती खाच दिसली, तर व्यवहार तिथेच थांबवावा.

सालानंतर बघायची ती अवस्था. राजाच्या मुकुटावरची बारीक नक्षी आणि कानावरचे केस आधी झिजतात, ते भिंगाखाली पाहावेत. माळेत ओवण्यासाठी कडी लावलेला किंवा चिंच-राखेने लख्ख घासलेला रुपया संग्राहक जवळपास चांदीच्याच भावात मोजतो. डागाळलेला चालतो, घासलेला नाही. सणाला रुपये उजळवायची आपल्याकडची सवय या बाबतीत फार महागात पडली आहे.

युद्धकाळात अमेरिकेकडून उसनी घेतलेली सुमारे २२ कोटी ६० लाख औंस चांदी चांदीतच परत करायची होती. त्यामुळे रुपयातली उरलेली निम्मी चांदीही गेली. १९४७ चा वाघाचा रुपया निकेलचा आहे आणि तो चुंबकाला चिकटतो.