फाइलच्या नावातलं घड्याळ : मेनूबारमधल्या स्क्रिप्टांची पार्श्वभूमी

मॅकच्या पडद्यावरच्या वरच्या पट्टीत, म्हणजे मेनूबारच्या उजव्या टोकाला, स्वतःची माहिती दाखवायची तर आज चार ओळींची स्क्रिप्ट पुरते. ती लिहायची, फाइलला चालण्याची परवानगी द्यायची, ठरलेल्या फोल्डरात टाकायची, झालं. अशा स्क्रिप्टा चालवायला स्विफ्टबार हे ॲप घ्यावं की एक्सबार, जुनं प्लगइन, म्हणजे अशी जुनी स्क्रिप्ट, का बंद पडलं, वेळ बदलली की सेटिंग कुठे जातात, असे जे प्रश्न नव्याने येणाऱ्यांना पडतात त्यातल्या बऱ्याच प्रश्नांचं मूळ बिटबार या ॲपच्या २०१३ सालच्या एका निर्णयात सापडतं: स्क्रिप्ट किती वेळाने चालवायची हे फाइलच्या नावातच लिहायचं. मुख्य गोष्ट त्या निर्णयाचीच आहे, त्यामुळे त्याआधीचा इतिहास भरभर सांगतो.

१९८४ च्या मॅकिन्टॉशमध्ये मेनूबार होता, पण त्याचा उजवा भाग मोकळा असायचा. तिथे घड्याळसुद्धा नव्हतं. लोक सुपरक्लॉक नावाची बाहेरची सोय बसवून घ्यायचे. ती इतकी रुळली की १९९४ च्या सिस्टीम ७.५ मध्ये तेच घड्याळ अधिकृतपणे सामावून घेतलं गेलं. त्या काळात अशी भर घालायची म्हणजे संगणक सुरू होतानाच प्रणालीच्या पोटात शिरायचं. तिथे एक चूक झाली की सगळा संगणक गोठायचा. मेनूबारमध्ये काही दाखवणं हे त्यामुळे मोजक्या, कसलेल्या प्रोग्रॅमरांचं काम राहिलं.

मॅक ओएस एक्सच्या १०.१ आवृत्तीत, २००१ मध्ये, बॅटरी वगैरेंची चिन्हं डॉकमधून, म्हणजे ॲपांच्या पट्टीतून, उचलून मेनूबारमध्ये आणली गेली. शब्दांचा गुंता इथून सुरू होतो. या चिन्हांना ‘मेनू एक्स्ट्रा’ म्हणायचे. ॲपलबाहेरच्या प्रोग्रॅमरांसाठी जो अधिकृत मार्ग होता त्याचं नाव ‘स्टेटस आयटम’. वापरणारे दोघांनाही सरसकट ‘मेन्युलेट’ म्हणत. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसत, पण मेनू एक्स्ट्रा कमांड की दाबून हवा तिथे सरकवता यायचा, स्टेटस आयटम जागचा हलायचा नाही. साहजिकच बाहेरच्यांनाही एक्स्ट्राच हवा होता. २००२ मध्ये १०.२ आवृत्तीने ते दार बंद केलं, तेव्हा ते फोडण्यासाठी मेनूक्रॅकरसारखे कोडचे तुकडे लिहिले गेले आणि मेनूमीटर्ससारखी लोकप्रिय साधनं वर्षानुवर्षं त्यांच्यावर चालली. बाहेरच्यांची चिन्हं सरळ मार्गाने सरकवता यायला २०१६ ची सिएरा ही आवृत्ती यावी लागली. आणि २०२२ मध्ये ॲप लिहिणाऱ्यांसाठी जी नवी सोय आली तिला पुन्हा ‘मेनू बार एक्स्ट्रा’ हेच नाव मिळालं. वीस वर्षांपूर्वी ज्यांना एक्स्ट्रा वापरू दिला नाही, त्यांच्याच हाती तो शब्द आला.

बंद दारापेक्षाही मोठी अडचण होती ती श्रमांची. सर्व्हर जिवंत आहे की नाही हे सांगणारी एक ओळ दाखवायला पूर्ण ॲप लिहावं लागायचं: नवा प्रोजेक्ट, ऑब्जेक्टिव्ह-सी ही भाषा, चिन्ह, बांधणी, आणि दर मोठ्या आवृत्तीनंतर डागडुजी. लिनक्सच्या बाजूला हे काम कधीच हलकं झालेलं होतं. तिथे आय३ सारख्या विंडो मॅनेजरचा, म्हणजे पडद्यावरच्या खिडक्या मांडणाऱ्या प्रोग्रॅमचा, बार एखादी आज्ञा चालवतो आणि ती जे छापेल ते दाखवतो. मॅकवर गीकटूल होतं, पण ते डेस्कटॉपवर छापायचं आणि खिडक्यांखाली झाकलं जायचं. प्रोग्रॅमने साधा मजकूर छापावा आणि दुसऱ्याने तो मांडावा, ही रीत युनिक्सच्या पाइपांपासून, म्हणजे एका प्रोग्रॅमचं छापलेलं दुसऱ्याला देण्याच्या सोयीपासून, चालत आलेली आहे. १९९३ च्या सुमारास सीजीआयने, म्हणजे सर्व्हरवर प्रोग्रॅम चालवून पान छापण्याच्या पद्धतीने, त्याच रीतीवर वेबची पानं उभी केली. मॅकच्या मेनूबारपर्यंत मात्र ती पोचली नव्हती.

ती पोचवली बिटबारने, २०१३ मध्ये. बिटबारचा करार इतका लहान होता की एका वाचनात पाठ व्हावा. फोल्डरातली प्रत्येक फाइल म्हणजे एक प्लगइन, भाषा कुठलीही. छापलेली पहिली ओळ मेनूबारमध्ये दिसते. तीन आडव्या रेघांची ओळ आली की त्याखालचं सगळं मेनूत जातं. त्या रेघेच्या वर एकाहून जास्त ओळी असतील तर त्या आळीपाळीने फिरतात. ओळीच्या शेवटी उभी रेघ देऊन रंग, दुवा किंवा चालवायची आज्ञा लिहायची, आणि ओळीच्या सुरुवातीला दोन आडव्या रेघा दिल्या की उपमेनू तयार. शीर्षक, आवृत्ती, कर्ता ही माहिती स्क्रिप्टमधल्याच टिपांमध्ये. कुठलीही लायब्ररी जोडायची नाही, कुठेही नोंदणी करायची नाही. टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, स्क्रिप्ट चालवून बघितली की मेनूत काय दिसेल ते कळायचं. माझ्या मते या शेवटच्या गोष्टीची थोरवी पुरेशी सांगितली गेलेली नाही. चूक शोधायला वेगळं साधनच लागत नसे.

आता तो निर्णय. स्क्रिप्ट किती वेळाने पुन्हा चालवायची हे बिटबारने फाइलच्या नावात लिहायला लावलं. नाव, टिंब, वेळ, टिंब, भाषेची खूण. बॅटरीची स्क्रिप्ट दर पाच मिनिटांनी चालवायची तर दोन टिंबांच्या मध्ये ५ आणि एम. सेकंदांना एस, तासांना एच, दिवसांना डी. वेळ बदलायची असेल तर फाइलचं नाव बदलायचं.

याला तेव्हाही नावं ठेवली गेली आणि आजही ठेवली जातात. आक्षेप खोटे नाहीत. नाव ही ओळख असते आणि वेळ ही आवड असते, त्या दोन्ही एकाच जागी कोंबल्या की गफलत होणारच. मी पाच मिनिटं ठेवली आणि तुम्ही एक तास, तर एकच स्क्रिप्ट दोन नावांची होते. आवृत्त्यांची नोंद ठेवणाऱ्या साधनाला ती एक फाइल गेली आणि दुसरी आली असं दिसतं. नवी आवृत्ती उतरवली की मूळ लेखकाची वेळ परत येते, किंवा जुनी आणि नवी शेजारी शेजारी बसून मेनूबारमध्ये एकच आकडा दोनदा दिसतो. बाहेरून एखादं प्लगइन ताजं करण्यासाठी बिटबारची एक खास पत्त्यासारखी आज्ञा होती, तिच्यात प्लगइनचं नाव द्यावं लागायचं. वेळ कितीही असली तरी नाव जुळावं म्हणून वेळेच्या जागी ‘इथे काहीही चालेल’ अशी खूण घालायची वेळ आली. नावातून वेळ वगळण्यासाठी केलेली ही कसरत आक्षेप घेणाऱ्यांची बाजू भक्कम करते.

तरीही मला तो निर्णय बरोबर वाटतो. त्याची तुलना आदर्श रचनेशी करून उपयोग नाही. त्या वेळी हाताशी असलेल्या दुसऱ्या पर्यायांशी ती करायला हवी. ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या क्रॉनसारखी वेगळी यादी ठेवली असती तर स्क्रिप्ट एकीकडे आणि तिचं वेळापत्रक दुसरीकडे झालं असतं. फाइल मित्राला पाठवली की वेळापत्रक मागे राहिलं असतं. सेटिंगची खिडकी केली असती तर तीच अडचण, शिवाय खिडकी सांभाळण्याचं ओझं वेगळं. स्क्रिप्टच्या आत टिपेत लिहिलं असतं तर बऱ्याच गोष्टी सुटल्या असत्या हे खरं, पण संकलित केलेला प्रोग्रॅमही प्लगइन असू शकतो आणि त्याच्या आत टिपा वाचता येत नाहीत. नाव मात्र प्रत्येक फाइलला असतं. फोल्डर उघडलं की काय चालतं आणि किती वेळाने चालतं, हे एका नजरेत दिसतं. ती यादीच संपूर्ण सेटिंग असते. जुन्या युनिक्स प्रणालींत सुरू होताना चालणाऱ्या स्क्रिप्टांच्या नावातच त्यांचा क्रमांक असायचा, मुनिनसारख्या देखरेखीच्या साधनात प्लगइनच्या नावातून नेटवर्कचं कार्ड कळतं. नावात अर्थ भरणं हा आळस नव्हे, ती जुनी, कसाला उतरलेली रीत आहे.

आणि ती नकलेला सोपी ठरली. लिनक्सच्या गनोम या डेस्कटॉपवर आर्गोस आणि केडीईवर कार्गोस ही साधनं आली, ती हाच करार पाळत. मॅकसाठी लिहिलेली स्क्रिप्ट थोड्याफार बदलाने लिनक्सवर चालू लागली. करार एका पानाचा नसता तर हे घडणं अवघड होतं.

बिटबारचा वेग पुढे मंदावला. २०२० मध्ये स्विफ्टबार आलं, आणि २०२१ मध्ये बिटबारच गो भाषेत नव्याने लिहून एक्सबार या नावाने पुढे आणलं गेलं. दोघांनी नावातली वेळ तशीच ठेवली. जमलेल्या प्लगइनांकडे पाठ फिरवणं कुणालाच परवडणारं नव्हतं. फरक पडला तो भर घालण्यात. एक्सबारने टिपांमध्येच बदलती मूल्यं जाहीर करायची सोय केली आणि त्यांच्यावरून सेटिंगची खिडकी आपोआप तयार होऊ लागली. पत्ता किंवा परवलीचा शब्द बदलायला स्क्रिप्ट उघडण्याची गरज संपली. स्विफ्टबारने क्रॉनच्या पद्धतीचं वेळापत्रक टिपेत लिहू दिलं, शिवाय सतत चालू राहणारी प्लगइनं आणली: स्क्रिप्ट थांबतच नाही, नागमोडी रेघांची ओळ छापली की मेनू पुसून नव्याने भरतो. ज्याला खरोखर क्षणोक्षणी बदल दाखवायचा आहे त्याच्यासाठी हा मोठा फरक होता, कारण दर सेकंदाला नवी प्रक्रिया सुरू करण्याचं ओझं लॅपटॉपच्या बॅटरीला सोसत नाही. याच वळणावर दोघांत किरकोळ पण त्रासदायक भेदही पडले. आज्ञा चालवण्यासाठीचा ‘बॅश’ हा शब्द एक्सबारने ‘शेल’ केला, स्विफ्टबारने जुनाच ठेवला.

खरा घाव मात्र दुसरीकडून आला. कुठलीही भाषा चालेल, या वचनामागे एक न बोललेलं गृहीतक होतं : भाषा संगणकात आधीच असते. २०१९ च्या कॅटालिना आवृत्तीबरोबर पायथन, रूबी आणि पर्ल पुढे काढून टाकले जातील अशी सूचना आली. २०२१ मध्ये मॉन्टेरीतून पीएचपी गेलं, २०२२ मध्ये त्याच्या १२.३ आवृत्तीतून पायथन २.७ गेलं. ज्या प्लगइनांची पहिली ओळ त्या पायथनकडे बोट दाखवत होती ती एका अद्ययावतीनंतर गप्प झाली. बहुतेक लेखक तोवर दुसऱ्या कामांत होते, दुरुस्ती करणार कोण?

त्याच सुमारास मॅकमध्ये ॲपलचे नवे प्रोसेसर आले आणि प्रोग्रॅम बसवून देणाऱ्या होमब्रू या साधनाने त्यांच्यासाठी वेगळं फोल्डर निवडलं. मेनूबारमधून चालणाऱ्या स्क्रिप्टला टर्मिनलमधले शोधमार्ग, म्हणजे आज्ञा कुठल्या फोल्डरांत शोधायच्या ती यादी, मिळत नाहीत, ही जुनीच ठेच होती. त्यामुळे लेखक आज्ञांचे पूर्ण मार्ग लिहून ठेवत, आणि नव्या संगणकावर नेमके तेच मार्ग खोटे ठरले. ‘टर्मिनलमध्ये चालतं, मेनूबारमध्ये चालत नाही’ ही तक्रार आजही कानावर आली की पहिल्यांदा इथेच बघावं.

रंगांचंही असंच झालं. २०१४ च्या योसेमिटीत गडद मेनूबार आला तेव्हा काळ्या रंगाची सक्ती केलेली प्लगइनं दिसेनाशी झाली. बिटबारने मग गडद रूप चालू आहे का, हे स्क्रिप्टला कळवायला सुरुवात केली. २०२० च्या बिग सरपासून मेनूबारची अक्षरं वॉलपेपर पाहून काळी किंवा पांढरी होऊ लागली आणि ती खूणही अपुरी पडली. रंगच न देणं हा त्यावरचा टिकाऊ उपाय ठरला.

२०२१ च्या मॅकबुक प्रोवर कॅमेऱ्याची खाच आली आणि जागाच आखडली. जे चिन्ह मावत नाही ते काही न सांगता लपतं, प्लगइन चालू असतं पण दिसत नाही. तेव्हापासून मेनूबारमध्ये नुसतं चिन्ह ठेवून बाकी सगळं रेघेखाली ढकलण्याची पद्धत वाढली. २०२५ च्या टाहोमध्ये सेटिंगमधूनच बाहेरच्या ॲपांची चिन्हं दाखवायची की लपवायची हे ठरवता येतं. पण ती यादी ॲपांची आहे. फोल्डरात दहा स्क्रिप्टा असल्या तरी तिथे दिसतं ते त्यांना चालवणाऱ्या ॲपचं एकच नाव. त्यातली एखादीच लपवायची असेल तर आजही फोल्डर उघडावं लागतं.