छपराचा पत्रा घडवणारे यंत्र आणि तापमान (नागपूर परिसर)

पोलादी पत्र्याची कॉइल एकामागे एक बसवलेल्या रोलरच्या जोड्यांमधून ओढत नेऊन तिला नागमोडी किंवा चौकोनी घड्यांचा आकार देणारे यंत्र म्हणजे रोल फॉर्मिंग यंत्र. छपरासाठी लागणारा बहुतेक रंगीत पत्रा याच यंत्रावर घडतो. डीकॉइलरवरून, म्हणजे कॉइल उलगडणाऱ्या फिरत्या आधारावरून, सुटलेली साधारण १२२० मिलिमीटर रुंदीची पट्टी पंधरा-वीस स्टँडमधून (रोलरची एकेक जोडी धरणाऱ्या चौकटींमधून) थोडी थोडी वाकत जाते, एनकोडर पत्र्याला टेकलेल्या चाकाच्या फेऱ्या मोजून तिची लांबी सांगतो आणि शेवटी हायड्रॉलिक कटर तिला ठरलेल्या मापाला कापतो. या प्रक्रियेत पत्रा कुठेही तापवला जात नाही. त्यामुळे हवेच्या उष्णतेचा इथे काही संबंध नाही, असे पुष्कळांना वाटते. नागपूर, हिंगणा, बुटीबोरी, कळमेश्वर या पट्ट्यात ज्यांनी मे महिन्यात आणि डिसेंबरमध्ये हे यंत्र चालवले आहे, त्यांना तसे वाटत नाही.

नागपूरच्या हवामान केंद्रावर २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंश सेल्सिअस तापमानाची नोंद झाली, तर २९ डिसेंबर २०१८ च्या पहाटे पारा ३.५ अंशांवर उतरला होता. म्हणजे एकाच यंत्राला एकाच जागी चव्वेचाळीस अंशांच्या फरकात काम करावे लागते. हे आकडे सावलीतल्या हवेचे आहेत. खाली कसलेही अस्तर नसलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी तापमान बाहेरच्या हवेपेक्षा वर जाते आणि उन्हात पडलेला गडद रंगाचा पत्रा साठ-सत्तर अंशांपर्यंत तापतो. त्यात हंगामाचा पेच असतो. पावसाळ्यापूर्वी छप्पर बदलून घेण्याची घाई सगळ्यांनाच असते, म्हणून एप्रिल ते जूनच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत मागणी शिगेला पोहोचते. यंत्राला सर्वांत जास्त राबवायचे दिवस आणि नवतपाचे, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाचे, दिवस इथे एकत्र येतात.

पोलाद आणि रोलर. पाच अंश असोत वा पन्नास, पत्र्याच्या पोलादाची ताकद आणि वाकल्यानंतर परत उसळण्याचा त्याचा स्वभाव यांत कामापुरता फरक पडत नाही. रोलर, शाफ्ट आणि स्टँड हे सगळे पोलादाचेच असल्यामुळे ते एकाच प्रमाणात प्रसरण पावतात. वरच्या आणि खालच्या रोलरमधली अर्ध्या मिलिमीटरची फट ऋतूनुसार जेमतेम हलते. तरीही पत्र्यावर ओरखडे आले किंवा घडी नीट बसली नाही की उन्हाळ्यात रोलरचे बोल्ट आवळण्याची सवय अनेक ठिकाणी दिसते. ही सवय घातक आहे. फट गरजेपेक्षा कमी झाली की रंग सोलवटतो, बेअरिंगवर ताण येतो, मोटर जास्त करंट ओढते आणि विजेची नियंत्रणे असलेले, आधीच तापलेले पॅनेल आणखी तापते. मूळ कारण तेलात, रंगात किंवा मोजणीत असते आणि शिक्षा रोलरला मिळते.

तेल. तापमानाचा सर्वांत मोठा फटका हायड्रॉलिक तेलाला बसतो. ४६ क्रमांकाचे तेल म्हणजे ४० अंशांना ४६ सेंटिस्टोक इतका दाटपणा असलेले तेल. तेच तेल ६० अंशांना साधारण २० सेंटिस्टोकपर्यंत पातळ होते आणि १० अंशांना २०० च्या वर जाऊन मधासारखे जड होते. तेल पातळ झाले की पंपाच्या आणि व्हॉल्व्हच्या आतल्या आत गळती वाढते, दाब पूर्ण बनत नाही, कटरची पाती मंदपणे खाली येतात. मग काप स्वच्छ न पडता कडेला बुरी (धारदार खरखरीत कंगोरा) राहते आणि पट्टीची कड किंचित खाली मुडपते. ऑपरेटर पाती बोथट झाली असे समजून ती काढायला घेतो. त्याआधी टाकीवरच्या तापमापकाकडे एकदा पाहिले तर पुष्कळदा तो अर्धा दिवस वाचतो.

तेल ४० ते ६० अंशांत राहिले तर उत्तम. त्यापुढे दर आठ-दहा अंशांना तेलाचे आयुष्य साधारण निम्मे होते, असा ठोकताळा आहे. नागपुरात अडचण अशी की पंख्याने थंड करणारा हवेचा कूलर तेलाला कधीच हवेपेक्षा थंड करू शकत नाही. शेडमध्ये ४६ अंश असतील तर तेल सहज ६५-७० वर जाते. पाण्यावर चालणारा उष्णता विनिमयक आणि छोटा कूलिंग टॉवर हा इथे खरा उपाय आहे. मे महिन्याच्या कोरड्या हवेत पाण्याचे बाष्पीभवन जोरात होते आणि टॉवरमधले पाणी हवेपेक्षा कितीतरी अंशांनी थंड राहते. नागपूरकरांच्या घरातला वाळ्याचा कूलर ज्या तत्त्वावर चालतो तेच हे तत्त्व. जुलैत दमट हवा सुरू झाली की घरचा कूलर निरुपयोगी होतो. टॉवरही तेव्हा ढिला पडतो, पण तोवर हवाच तीस-बत्तीसवर आलेली असते.

हिवाळ्यात चित्र उलटे होते. पहाटे आठ-दहा अंशांत पॉवर पॅक (हायड्रॉलिक तेलाची टाकी, पंप आणि मोटर यांचा संच) सुरू केला की पंप घोगरा आवाज काढतो, कारण दाट तेल सक्शनच्या जाळीतून वेळेवर पोहोचत नाही आणि पंपात पोकळी तयार होते. भार न देता पंधरा-वीस मिनिटे तेल नुसते फिरवत ठेवणे एवढाच त्यावर साधा इलाज आहे. उन्हाळ्यासाठी ६८ आणि हिवाळ्यासाठी ४६ क्रमांक असे वर्षातून दोनदा तेल बदलणारेही आहेत. मात्र टाकी थंड ठेवण्याची नीट सोय असेल तर वर्षभर एकच ४६ क्रमांकाचे तेल पुरते आणि खर्चही वाचतो.

लांबी. सर्वांत जास्त तक्रारी लांबीच्या असतात आणि सर्वांत जास्त गैरसमजही तिथेच असतात. पोलाद दर अंशाला, दर मीटरला ०.०१२ मिलिमीटर वाढते. ॲल्युमिनियम त्याच्या जवळपास दुप्पट. बारा मीटरचा पोलादी पत्रा ४० अंशांच्या फरकाने पावणेसहा मिलिमीटर लांब-आखूड होतो, ॲल्युमिनियमचा अकरा मिलिमीटर.

एनकोडरच्या चाकाचे उदाहरण घेऊ. चाकाचा परीघ ३०० मिलिमीटर आणि चाक ॲल्युमिनियमचे आहे. सकाळी २८ अंशांना माप जुळवले आणि दुपारी तापलेला पत्रा घासत राहिल्याने चाक ४८ अंशांवर गेले. परीघ थोडा वाढला, म्हणून एका फेरीत थोडा जास्त पत्रा पुढे सरकला आणि सहा मीटरचा नग जवळपास पावणेतीन मिलिमीटर लांब कापला गेला. तो पत्राही तापलेलाच असतो. रात्री गार झाल्यावर तो दीड मिलिमीटरने आखडतो. चूक काही अंशी स्वतःच मिटते, पण पूर्ण मिटत नाही. तेच चाक पोलादी असेल तर चाक आणि पत्रा एकाच प्रमाणात वाढतात आणि हिशोब आपोआप जुळतो. पोलादी पत्र्याला पोलादी चाक हा नियम म्हणूनच पाळण्यासारखा आहे.

टेपचेही तसेच आहे. पोलादी टेप २० अंशांना खरा असतो. पत्र्यावर अर्धा तास पडून राहिलेला टेप पत्र्याइतकाच तापतो आणि माप बरोबर दाखवतो. मात्र एसी असलेल्या ऑफिसातून साहेबांनी टेप आणून दुपारी दोन वाजता उन्हातल्या गठ्ठ्याला लावला की पत्रा 'लांब' भरतो. ऑपरेटर आणि साहेब दोघांचेही माप आपापल्या जागी खरे असते आणि वाद मात्र तासभर चालतो. टेप दहा मिनिटे पत्र्यावर ठेवून मग मोजावे.

या सगळ्यांपेक्षा मोठी चूक धावता पत्रा थांबवून कापण्याच्या वेळेतून येते. यंत्र मिनिटाला १५ मीटर वेगाने चालते तेव्हा पत्रा सेकंदाला २५० मिलिमीटर सरकत असतो. तेल दाट किंवा पातळ झाल्याने व्हॉल्व्ह वीस मिलिसेकंद उशिरा हलला तरी पाच मिलिमीटरचा फरक पडतो. म्हणून सकाळचा पहिला नग आणि जेवणाच्या सुट्टीनंतरचा पहिला नग मोजल्याशिवाय पुढचे नग सोडू नयेत. तेल एकाच तापमानाला स्थिर ठेवले तर लांबीही स्थिर राहते. तेव्हा लांबीची तक्रार आली की आधी तेल बघणे हीच योग्य वाट आहे.

रंग. रंगीत पत्र्यावरचा पॉलिस्टरचा थर थंडीत कडक होतो. साधारण १५ अंशांच्या खाली धारदार घडी घातली तर घडीच्या पाठीवर केसासारख्या बारीक चिरा पडतात. त्या नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. दहापट भिंगाखाली मात्र घडीच्या कडेने समांतर रेषा स्पष्ट दिसतात. खालचा जस्ताचा किंवा ॲल्युमिनियम-जस्ताचा थर काही काळ पोलादाला वाचवतो, पण दोन-तीन पावसाळ्यांनंतर गंज याच रेषांवरून सुरू होतो. ॲल्युमिनियम-जस्त थरात वजनाने ५५ टक्के ॲल्युमिनियम, ४३.४ टक्के जस्त आणि १.६ टक्के सिलिकॉन असते. हा थर टिकाऊ असला तरी घट्ट घडीवर तोही तडकतो.

डिसेंबर-जानेवारीत कॉइल रात्रभर उघड्यावर ठेवू नये आणि काम सकाळी दहाच्या पुढे सुरू करावे. चार टनांची कॉइल हवेबरोबर तापत नाही. वरचे वेढे ऊबदार लागले तरी आतले वेढे पहाटेच्याच तापमानाला असतात, त्यामुळे कॉइल आदल्या दिवशीच शेडमध्ये आणलेली बरी. उन्हाळ्यात उलट रंग मऊ पडतो, क्रोम केलेल्या रोलरवर त्याचे कण चिकटतात आणि पुढच्या प्रत्येक नगावर एकाच ठिकाणी डाग उमटतो. पत्र्यावर चिकटवलेली पारदर्शक गार्ड फिल्म उन्हात राहिली तर तिचा गोंद रंगाला धरतो आणि फिल्म तुकड्या-तुकड्यांनी निघते. पत्रा छपरावर चढल्यावर ती लगेच काढणे कष्टाचे आहे खरे, पण महिनाभराने काढणे त्याहून कष्टाचे असते.

सपाट भागातली लाट. डीकॉइलर जर पश्चिमेच्या दाराजवळ असेल तर दुपारी चारच्या उन्हात कॉइलची एक बाजू भाजते आणि दुसरी सावलीत राहते. ही भाजलेली बाजू म्हणजे पट्टीची एक कड. दोन कडांत १५ अंशांचा फरक असला की सहा मीटरमागे एक कड एक मिलिमीटरने लांब होते. एवढ्यानेही रुंद सपाट भागात लाटा दिसू लागतात आणि उन्हात चमकणाऱ्या छपरावर त्या लांबून ओळखू येतात. त्यासाठी रोलर हलवण्याआधी दाराला पडदा लावून पाहावे. मोठ्या गोदामांच्या छपरांसाठी यंत्र साइटवरच नेऊन तीस-चाळीस मीटरचे अखंड पत्रे काढतात, कारण रस्त्याने बारा मीटरपेक्षा लांब पत्रा नेणे अवघड असते. तिथे यंत्रावर मांडव घातलाच पाहिजे. एवढ्या लांब पत्र्याला छपरावर सरकायला जागा देणाऱ्या क्लिपाही लागतात, नाहीतर स्क्रूची भोके पहिल्याच उन्हाळ्यात लांबट होतात.

पॅनेल. यंत्राला हुकूम देणारा छोटा संगणक, म्हणजे पीएलसी, सहसा ५५ अंशांपर्यंत आणि मोटरचा वेग सांभाळणारा ड्राइव्ह ४० अंशांपर्यंत पूर्ण क्षमतेने चालतो. त्यापुढे ड्राइव्हची क्षमता कमी धरावी लागते. ११ किलोवॅटचा ड्राइव्ह स्वतःच तीनेकशे वॅट उष्णता टाकतो. शेडमध्ये ४६ अंश असताना बंद पॅनेलमध्ये साठच्या आसपास तापमान होते आणि यंत्र दुपारी 'आपोआप' बंद पडू लागते. पॅनेलचे दार उघडून समोर डेझर्ट कूलर लावणे हा इथला सर्रास उपाय आहे आणि तो टाळायलाच हवा. कूलरच्या हवेबरोबर पाण्यातले क्षार आणि शेडमधली लोखंडी धूळ कार्डांवर बसते आणि पावसाळ्याच्या ओलीत तीच धूळ शॉर्ट करते. पॅनेलला स्वतःचा बंदिस्त एसी लावावा, निदान पॅनेल पत्र्याच्या भिंतीपासून दूर सरकवावे. कूलर माणसांकडे वळवावा. त्याची खरी गरज तिथेच आहे.

पाऊस आणि दव. जुलै-ऑगस्टमध्ये पावसाने गार झालेली कॉइल सकाळच्या दमट, उबदार हवेत घामेजते. वेढ्यांमध्ये शिरलेले पाणी वाळत नाही आणि जस्तावर पांढरा गंज धरतो. घडवलेल्या पत्र्यांच्या गठ्ठ्यातही असेच होते, म्हणून गठ्ठा किंचित उताराला आणि खाली हवा खेळेल असा ठेवतात.

माणसे. मे महिन्यात बऱ्याच शेडमध्ये काम पहाटे सुरू होते आणि दुपारी बारा ते चार थांबते. माणसांच्या दृष्टीने हे योग्यच, यंत्राच्या दृष्टीनेही योग्य. साठ अंशांच्या पत्र्याला उघडा हात लागला की फोड येतो, म्हणून हातमोजे लागतात. पण घामाने मोजे ओले होतात आणि हेल्पर ते काढून ठेवतो. रंग न दिलेल्या ॲल्युमिनियम-जस्ताच्या पत्र्यावर मग त्याच्या घामेजल्या पंजाचा ठसा राहतो. त्या दिवशी तो दिसत नाही. पावसाळा सरला आणि छपरावर चढून पाहिले की पाचही बोटे करड्या रंगात उमटलेली असतात. मोज्यांचा दुसरा कोरडा जोड हाताशी ठेवला तर हे होत नाही.